दोरीचे दुसरे टोक

पाणी चौदाव्या पायरीवर

अठराशे ब्याऐंशी सालचा चैत्र संपता संपता कल्याणच्या दगडी तळ्याच्या चौदा पायऱ्या उघड्या पडल्या, आणि रतनच्या घशाखाली भाकर उतरेना.

दिवस रोजच्यासारखाच उजाडला होता. दोन मडकी घेऊन ती ओढ्याकडे निघाली होती. ओढा आटला होता. त्याच्या वाळूत दीड हात खणून महारवाड्याने खड्डा केला होता, त्यात वाटीवाटीने पाणी साचे. वाटेत तळ्याची पुरुषभर उंचीची भिंत लागे. तळ्यात पाणी असेपर्यंत महारवाड्यातल्या कुणी भिंतीच्या आत पाऊल टाकायचे नाही, ही रीत. पण शीळची वाट जिथे वळते तिथे भिंतीचे दोन दगड निखळले होते आणि त्या फटीतून समोरच्या पायऱ्या दिसत. वरच्या आळीतली मुले पाठीला वाळके भोपळे बांधून पाण्यात उड्या मारत होती. काठावर एक म्हातारा ओरडत होता, "पाय मार रे, पाय!" रतनने मुलांकडे पाहिले नाही. तिने पायऱ्या मोजल्या.

घरी सासू हौसाबाई अंगणात सुकट निवडत बसली होती. मान वर न करताच तिने विचारले, "किती?"

"चवदा, आत्याबाय."

"पोरं उड्या मारत्यात अजून?"

"मारत्यात."

"मग हाय पाणी," हौसाबाई म्हणाली. पण तिच्या हातातले सूप थांबले होते.

तळ्याला पायऱ्या बावीस. बाविसावी उघडी पडली की तळाशी एका मोरीचे तोंड दिसे. वरच्या विहिरीच्या झऱ्याचे पाणी या दगडी मोरीतून तळ्यात येई. लांबी चाळीस हात, रुंदी एका माणसाच्या खांद्यांएवढी. दर वैशाखात उरलेले पाणी मोटेने उपसायचे आणि रतनच्या नवऱ्याच्या, दौलतच्या, घराण्यातल्या एका पुरुषाने मोरीत शिरून ती साफ करायची. मग चार दिवस सगळ्या महारवाड्याने गाळ काढायचा. मोरीत शिरण्याला 'गाळाचा मान' म्हणत. मानाबद्दल एक नारळ, एक धोतर, दोन पायली तांदूळ आणि त्या दिवसाचे उरलेसुरले जेवण. मजुरी नव्हती. मजुरीत घासाघीस होते. मानात होत नाही.

पाणी असेपर्यंत तळे गावाचे. चिखल उरला की दौलतच्या घरचे.

नऊ वर्षांपूर्वी हौसाबाईचा नवरा दगडू मोरीत शिरला तो जिवंत बाहेर आला नाही. त्याच्या कमरेला दोरी नव्हती. असणार कशी? मोरीचा दिवस पूजेचा. त्या दिवशी भिंतीच्या आत मुभा एकट्या मानकऱ्याला, त्याच्या भावाबंदांना नाही. आणि दोरीचे दुसरे टोक वरच्या आळीतल्या कुणी धरले, तर दोरीतून विटाळ जातो. म्हणून दोरी नाही. दिवस कलेपर्यंत सगळे काठावर उभे राहून हाका मारत होते. तिसऱ्या दिवशी विहिरीकडून पाण्याचा लोट सोडला तेव्हा दगडू आपसूक तळ्यात आला. पाण्यातल्या साती आसरांनी नेला, असे गाव म्हणाले, आणि मान दौलतकडे आला.

आता गावाला ठाऊक नसलेली गोष्ट. त्यानंतरची आठ वर्षे दौलत मोरीत शिरलाच नव्हता. हातभर आत सरकायचा, डोळे मिटून पडायचा, अंगाला चिखल फासायचा आणि बाहेर यायचा. मोरी तुंबत गेली. झरा आत येईना. तळे दर साली आधी आटू लागले, पाणी हिरवे पडू लागले. हे एकट्या रतनला माहीत होते.


पाणी सोळाव्या पायरीवर

तळ्याच्या पंचांचे चिटणीस हरिहरपंत सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसियरच्या हाताखाली कारकून होते. पुलाला चुना किती, रस्त्याला खडी किती, मजूर किती आणि त्यांचा रोज किती, हे अंदाज काढण्यात त्यांचा दिवस जाई. हिरवे पाणी पाहून त्यांना प्रश्न पडला, आणि तो विचारायला ते छत्री घेऊन महारवाड्याच्या कडेला येऊन उभे राहिले. आत आले नाहीत.

"दौलत, मोरी आतून कशी आहे रे?"

"जोहार, रावसाहेब. काळी हाये."

"ते झालं. गाळ कुठवर आलाय?"

दौलत पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागला.

"सांगा की," दारातून रतन म्हणाली.

"तू गप गं."

"नऊ सालांत पयल्यांदा कुणी इचारतंय. सांगा."

दौलतने सांगितले. सांगताना त्याने पंतांकडे पाहिले नाही. "बाप अजून आतच बसलाय असं वाटतं, रावसाहेब. हात पुढं केला तर त्याचा पाय लागंल. म्हणून हातभरच जातो."

पंत रागावतील असे त्याला वाटले होते. पंत मात्र छत्रीच्या दांड्यावर बोटे वाजवीत कसलासा हिशेब करत होते. "आठ वर्षांचा गाळ," ते पुटपुटले. "आतली हवा कोंडलेली. यंदा जो शिरेल तो..." त्यांनी वाक्य पुरे केले नाही. ते पुरे करायची गरजही नव्हती. रतनने दाराची चौकट धरली होती.

त्या आठवड्यात पंतांनी कचेरीतल्यासारख्या स्वच्छ अक्षरात एक कागद लिहिला.

कलम पहिले: तळ्याच्या सफाईस बारमाही दोन माणसे नेमावी.
कलम दुसरे: महिन्यास चार दिवस काम. शेवाळ काढणे, पायऱ्या घासणे, मोरीच्या तोंडाचा गाळ तो साचण्याआधीच ओढणे.
कलम तिसरे: चिखलाचे काम, सबब माणशी रोज आठ आणे. वर्षाचे रुपये अठ्ठेचाळीस.
कलम चौथे: मोरीच्या तोंडास लोखंडी जाळी, रुपये नऊ.
कलम पाचवे: दोरी, टोपल्या, लांब बांबू, रुपये तीन.
कलम सहावे: आज साचलेला गाळ दोन्ही तोंडांकडून बांबूने उकरावा. मोरीत माणूस घालू नये. महिन्याच्या महिन्याला काम झाल्यास पुढेही गरज पडत नाही.

एकंदर रुपये साठ. तळ्याचे पाणी भरणारी घरे वीस. दर घरास महिन्याचे चार आणे.

चार आण्यांत माणूस मरत नाही, असे खाली लिहावे असे पंतांना वाटले. तसे कचेरीत लिहीत नाहीत म्हणून त्यांनी ते लिहिले नाही.


पाणी अठराव्या पायरीवर

पंचांच्या बैठकीच्या वहीत लिहिले ते असे: 'चिटणिसांनी सफाईचा अंदाज वाचून दाखविला. पंचांनी त्यांचे आभार मानले. चालत आलेली रीत चालू ठेवण्याचे ठरले.'

वहीत लिहिले नाही ते असे:

पंचांचे मुख्य गोपीनाथशेट. त्यांची खाडीकाठी तीन मिठागरे. त्यांनी कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि परत दिला. "पंत, साठ रुपयं म्हंजे काय मोठं? उद्या माझ्या पेटीतनं काढून देतो. पैशासाठी अडलंय असं समजू नका."

"मग अडलंय कुठे, शेट?"

"महिन्याला चार दिवस म्हंजे कंचे दिवस? पाणी असताना का नसताना?"

"असतानाच. शेवाळ पाण्यातच असतं."

"म्हंजे दौलत्या भरल्या तळ्यात उतरणार." शेट बाकीच्यांकडे वळले. "आन् खालच्या पायरीवर त्याचं पाय, वरच्या पायरीवर आपल्या बायांच्या घागरी. ऐकताव ना?"

कुणीतरी हसले. कुणीतरी राम राम म्हटले.

"वर्षातून एक दिवस त्याला आत घेतो, तो पाणी नसतं म्हणून," शेट म्हणाले. "मान दिला की माणूस एकदा येतो आन् जातो. पगार दिला की बारमाही येतो. पगार नको."

"पण पाणी सडतंय, शेट. बाजारात काल पटकीचं दुसरं माणूस गेलं."

"म्हणून तर मोरी मोकळी व्हायला पायजे. एका दिवसात. माणूस आत घालून." शेटचा आवाज चढला आणि लगेच मऊ झाला. तेही भ्याले होते. त्यांची धाकटी सून दोन दिवस ओकत होती. "तुमच्या हेमाचं लग्न ज्येष्ठात ना, पंत? ठाण्याच्या घरात? ती मंडळी सोवळ्याची फार कडक हायेत म्हणे."

एवढेच ते बोलले. हरिहरपंतांनी कागदाची घडी घातली. ग्रामण्य म्हणजे काय हे त्यांनी आपल्या मामाच्या घरी पाहिले होते: पंक्तीत पान मांडत नाहीत, न्हावी दारात उभा राहत नाही, ठरलेली सोयरीक एका चिठ्ठीने मोडते. त्यांनी घडीवर घडी घातली आणि वही उघडून ठराव लिहिला.


पाणी एकोणिसाव्या पायरीवर

गोपीनाथशेटची बैलगाडी महारवाड्याशी थांबली. गाडीवान पंढरीने बैल आवरले. शेट उतरले नाहीत.

"दौलत्या, साठ रुपयं."

"कशाचं, शेट?"

"पंतांनी वर्षाचं काढलं ना साठ? ते मी तुला एका दिवसाचं देतो. पण या खेपेला तोंडाशी लोळून चालणार नाय. तळ्यातनं शिर आन् विहिरीकडनं बाहेर पड. मी बघतो." दौलतचा चेहरा पडलेला पाहून ते पुढे वाकले. "आठ वर्सं तू काय करत व्हतास ते मला पंतांच्या कागदावरनं कळलंय. झरा का आटला तेबी कळलंय. माणसं मराया लागलीत, दौलत्या. गाव इचारील कुणामुळं. काय सांगू?"

गाडी गेली. धूळ खाली बसली.

"माझ्या नवऱ्याला नारळ दिलता," हौसाबाई म्हणाली. "भाव वाढला म्हणायचा."

दौलत उंबऱ्यावर बसला. "चोरी माझीच हाय, आये. आठ सालं मान खाल्ला आन् काम केलं नाय. जायाला पायजे."

"चोरी केलीत म्हणून जित्तं हाव तुमी," रतन म्हणाली. ती मोठ्याने बोलली आणि स्वतःच्याच आवाजाला दचकली. "नायतर दुसऱ्या सालीच मी कुकू पुसून बसले असते."

"नाय म्हणलो तर?"

उत्तर तिघांनाही माहीत होते. ओढ्यातला खड्डा बुजवतील. बाजारात मीठ देणार नाहीत. छपराचे गवत वाळलेले होते आणि महारवाड्याची सगळी छपरे एकमेकांना लागून होती.

त्या दिवसापासून रतन काथ्या वळू लागली. "एवढी लांब दोरी कशाला गं?" शेजारणीने विचारले. "म्हस घ्यायचीय," रतन म्हणाली. शेजारीण हसली नाही.


पाणी एकविसाव्या पायरीवर

रतन आता पायऱ्या मोजायला जाईना. मोटेचे चाक घरापर्यंत ऐकू येई. ते करकरले की तिच्या हातातला काथ्या निसटे. थांबले की ती दाराशी येऊन उभी राही.


तळ

काठावर आणि पायऱ्यांवर गाव जमले होते. नारळ फुटला, हळदकुंकू पडले. दौलत एकटा पायऱ्या उतरला. त्याच्या खांद्यावर दोरीचे वेटोळे होते. रतन बाहेर, शीळच्या वळणावर, भिंतीच्या फटीला कपाळ टेकून उभी होती. तिथून तिला मोरीचे तोंड दिसत होते.

दौलतने दोरीचे एक टोक कमरेला बांधले. दुसरे टोक घेऊन तो चार पायऱ्या वर आला, ते पायरीवर ठेवले आणि मागे सरून परत खाली गेला.

"शेट, दुसरं टोक कुणीतरी धरा."

"काय?"

"धरा नुसतं. तीन हिसकं दिलं तर वढा. माझा बाप वढायला कुणी नव्हतं म्हणून ऱ्हायला."

"दौलत्या, खुळा झालास? दोरीतनं काय येतं ठाव नाय तुला?"

"मग फडकं गुंडाळा. केळीच्या पानात धरा. नंतर आंघूळ करा, शेट. मी वर आलो तर तुमी आंघूळ करा, आंघुळीनं जाईल. मी आत ऱ्हायलो तर ते कशानं जाईल?"

काठावर कुजबुज झाली आणि विझली. दोरीचे टोक पायरीवर पडून होते. त्याच्याभोवती हात-दोन हात जागा मोकळी होती, जणू तिथे साप आला होता.

दौलतची नजर काठावरून फिरत हरिहरपंतांवर थांबली. ते आठव्या पायरीवर उभे होते. "पंत, तुमी धरा. कागदात दोरी लिवली व्हती ना? तुमीच लिवली व्हती."

हरिहरपंत एक पायरी उतरले. रतनने ते पाहिले. ते आणखी एक उतरले. वरून गोपीनाथशेट नुसते खाकरले. पंत थांबले. त्यांचा हात पुढे आलेला होता. तो त्यांनी उपरण्याखाली घेतला.

मग रतनला सगळ्यांत जास्त भीती वाटली, कारण दौलत मोरीकडे वळला. तो वाकला. त्याचे डोके आत गेले, खांदे आत गेले. आतून ओली, कुजकी, थंड हवा त्याच्या तोंडावर आली आणि त्याच्या नाकपुड्या मिटल्या. रतनने भिंतीवर मूठ आपटली. 

खांदे बाहेर आले. दौलत उभा राहिला. 

"दोरी कुणी धरत नाय, तर मी जात नाय."

"साठ रुपयं, दौलत्या!"

"ते दोरीला बांधा आन् आत सोडा, शेट. रुपयाला विटाळ व्हत नाय."

 मग एकच गलका झाला. धरा त्याला, आत ढकला, पोरं मरतायत आमची. दौलत पायऱ्या चढू लागला. पायरीपायरीवर माणसे होती, पण तो येई तशी ती दोन्ही बाजूंना सरत गेली. त्याला पकडायला त्याला शिवावे लागले असते. जी रीत त्याची दोरी धरू देत नव्हती, तीच त्याला धरू देईना. बावीस पायऱ्या तो एकटा चढून आला. दगड मात्र लांबून मारता येतात. दोन पाठीत बसले, एक कानशिलावर.


दुसरी सकाळ

ओढ्यातला खड्डा बुजवलेला होता. वर बाभळीचे काटे टाकले होते. मडकी रिकामीच घेऊन रतन परतली तेव्हा दौलत कानाला चिंधी बांधून अंगणात बसला होता आणि हौसाबाई सगळ्या छपरांकडे एकदा पाहून घेत होती. अजून काही पेटले नव्हते. तेवढ्यात वाटेवर माणूस दिसला आणि रतनने कोनाड्यातला विळा उचलला.

हरिहरपंत होते. छत्री नव्हती. या वेळी ते कडेला थांबले नाहीत, अंगणापर्यंत आले.

"दौलत, अर्ज लिहिलाय. ठाण्याला कलेक्टरसाहेबांकडे पाठवतो. दगडू कसा गेला तेही लिहिलंय. सहा कलमं आहेत. तुझा अंगठा हवा."

दौलतच्या आधी रतन बोलली. विळा अजून तिच्या हातात होता. "काल दोरी धरली नाय तुमी."

"नाही धरली."

"का?"

"भ्यालो."

"आमीबी भ्यालो," रतन म्हणाली. "अजून भ्यालोय. पन आमच्या माणसाचा पाय मोरीत व्हता, रावसाहेब. तुमचा पायरीवर व्हता."

पंतांनी कागद पुढे केला. हौसाबाई म्हणाली, "अंगठा खाली. आधी वर तुमचं नाव लिवा. सगळ्यांच्या वर."

पंतांनी टाक काढला, गुडघ्यावर कागद ठेवला आणि नाव लिहिले. मधेच थांबले, हेमाच्या होणाऱ्या सासरचे आडनाव त्यांच्या डोळ्यांपुढे आले असावे. मग आडनावासकट पुरे केले.

"वाचून दावा," दौलत म्हणाला.

पंतांनी खालच्या आवाजात वाचले. दोन माणसे, चार दिवस, आठ आणे, जाळी, दोरी, बांबू, मोरीत माणूस घालू नये. दौलत प्रत्येक कलमाला मान हलवत होता. रतनने शेवटपर्यंत ऐकले.

"पाणी कुटं हाय ह्यात?"

"कसलं पाणी?"

"बारमाही तळं हे धुणार. शेवाळ हे काढणार. तहान लागली तर पेणार काय? आज आमचा खड्डाबी नाय."

हरिहरपंतांनी कागद खालीवर पाहिला. जाळीचे वजन त्यांनी काढले होते, बांबूची लांबी काढली होती, आण्यापर्यंत हिशेब जुळवला होता. हे त्यांच्या डोक्यातच आले नव्हते. ते स्वतः त्या तळ्याचे पाणी पीत लहानाचे मोठे झाले होते.

"हे लिहिलं," ते सावकाश म्हणाले, "तर बाकीची सहा कलमंही फेटाळतील."

"फेटाळू द्या," हौसाबाई म्हणाली. "नाय म्हणायचं तर समदं वाचून नाय म्हणू द्या."

पंतांनी लिहिले. अक्षर कचेरीतल्यासारखे आले नाही.

"आता हे मोठ्यानं वाचा," दौलत म्हणाला. "गपचीप लिवलेलं लई पाह्यलं आमी."

पंतांनी वाटेकडे पाहिले. गोपीनाथशेटचा गाडीवान पंढरी बैल थांबवून इकडेच बघत होता. त्याच्यामागे वरच्या आळीतल्या दोन बाया घागरी घेऊन उभ्या राहिल्या होत्या. दुपारपर्यंत हे ठाण्याला, हेमाच्या होणाऱ्या सासरी, पोचणार होते.

त्यांनी वाचले. पहिल्या वेळी ओठ हलले, आवाज आला नाही. रतन त्यांच्याकडे पाहत राहिली. त्यांनी घसा खाकरला आणि उभे राहून, वाटेकडे तोंड करून, पुन्हा वाचले:

"कलम सातवे. जो तळे साफ करील, तो त्याच तळ्याचे पाणी भरील. त्याचे घरही भरील."